आजींच्या दाराला आतून कडी: ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हणजे नेमकं काय?

वृद्धाश्रम नाही, रुग्णालयही नाही. मग काय? अमेरिकेत केरेन ब्राउन विल्सन १९ वर्षांच्या असताना त्यांच्या आईला पक्षाघात झाला आणि नर्सिंग होम नशिबी आलं. आईला हवं होतं स्वतःचं घर, छोटं स्वयंपाकघर आणि आतून बंद होणारं दार. म्हणून विल्सन यांनी १९८३ मध्ये ओरेगॉनच्या पोर्टलंडमध्ये ११२ घरांचं ‘पार्क प्लेस’ सुरू केलं.

खरी कसोटी कर्मचाऱ्यांची. कपडे घालून देणं झटपट होतं. आजींना स्वतः घालू द्यायचे तर वेळ आणि संयम लागतो. घाईत हेच आधी सुटतं.

ज्येष्ठांच्या जिवाला धोका, अशी टीका झाली. राज्य सरकारने देखरेख ठेवली. १९८८ मध्ये निष्कर्ष आले: समाधान वाढलं, प्रकृती टिकली, सरकारी मदतीवरच्या रहिवाशांचा खर्च २० टक्क्यांनी घटला.