विमा पुरला नाही, मग?

पळस्पे फाट्याजवळ सर्व्हिस रोडवर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरने आमच्या वॅगनआरचं तोंड चेपलं, तेव्हा गाडीत मुलांचे अब्बा, मी आणि मागच्या सीटवर झोपलेली धाकटी होती. अल्हम्दुलिल्लाह, कुणाला खरचटलंही नाही. ट्रेलरचा ड्रायव्हर, विशीतला पोरगा, खाली उतरून हात जोडून उभा राहिला. "जाऊ दे, गरीब आहे. आपला इन्शुरन्स आहे ना!" असं म्हणून ह्यांनी त्याला जाऊ दिलं. मी तेवढे दोन्ही गाड्यांचे आणि नंबरप्लेटचे फोटो काढून घेतले. वर्गात रोज भांडणं सोडवणाऱ्या बाईला पुराव्याची सवय असते.

गॅरेजचं एस्टिमेट आलं १,७४,००० रुपये. पॉलिसी फर्स्ट पार्टी होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. कंपनीने मंजूर केले १,११,८००. उरलेले ६२,२०० रुपये आमच्या माथी.

हे कुठून आलं, ते समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. विमा कंपनी नव्या सुट्या भागाचे पूर्ण पैसे देत नाही, घसारा कापते. बंपर, हेडलाइट अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंवर ५० टक्के. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. आमची गाडी सहा वर्षांची, म्हणून ४० टक्के. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये प्रत्येक क्लेमला आपलेच. मजुरीवर आणि काचेवर मात्र घसारा नसतो. आमच्या हिशेबात ८,००० च्या काचेचेही निम्मे कापलेले दिसले! सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून कंपनीला पत्र दिलं, तेव्हा ४,००० परत मिळाले. तूट राहिली ५८,२००.

असं पत्र देऊनही कंपनी महिनाभर गप्प राहिली किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. नाहीतर आपल्या रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. तिथे दोन वर्षांची मुदत. पण कापाकापी पॉलिसीच्या अटींप्रमाणेच झाली असेल, तर तक्रार करून हाती काही लागत नाही. घसारा टाळायचा तर 'झिरो डेप' आधीच घ्यावं लागतं, आणि जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही.

दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, तर कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मग आयडीव्हीइतकी रक्कम मिळते, पण गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं देणं फिटतं. ते रकमेहून जास्त असेल, तर गाडी जाते आणि हप्ते राहतात. आमची आयडीव्ही ३,१०,००० होती, म्हणून ती वेळ आली नाही.

मग ५८,२०० कुठून आणायचे? सहकारी शिक्षकाच्या वकील भावाने विचारलं, "ज्याने ठोकलं, त्याच्याकडे मागितलेत का?" मी गप्प. ड्रायव्हरला माफ करताना आम्ही त्याच्या मालकाला आणि मालकाच्या विमा कंपनीलाही माफ करून बसलो होतो. त्या गाडीचा विमा, परमिट आणि ड्रायव्हरचं लायसन्स वैध असेल, तर दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान भरून देण्याची जबाबदारी थर्ड पार्टी पॉलिसीवर येते. साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत, हप्ता वाचवण्यासाठी मालकाने ती मर्यादा ६,००० वर आणली असेल, तर बाकीचं मालकाने द्यायचं. आपल्या कंपनीकडून मिळालं ते पुन्हा मागता येत नाही, पण तूट मागता येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे, आणि पोलिसांतली नोंद नसेल तर हा दावा लंगडा पडतो.

आपल्यातल्या अनेक घरांत विम्याबद्दल मनात शंका असल्यामुळे कायद्याने सक्तीचा तेवढा थर्ड पार्टी विमाच घेतात. त्या वादात मी शिरत नाही. पण अशा घराला स्वतःच्या गाडीसाठी आपल्या कंपनीकडून एक पैसाही मिळत नाही. चूक दुसऱ्याची असेल, तर त्यांच्यासाठी हाच मुख्य दरवाजा आहे.

हा दरवाजाही किती अरुंद असू शकतो, ते २६ जुलै २०२५ ला दिसलं. एक्सप्रेसवेवर खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वीसेक गाड्यांवर आदळला. एका बाईंचा जीव गेला. मृत्यू आणि जखमांच्या भरपाईला ही ७.५ लाखांची मर्यादा नसते. गाड्यांच्या नुकसानीला ती असते, तीही एका अपघाताला मिळून एकच. तेवढ्यात वीस गाड्या कशा बसणार? वरच्या रकमेसाठी कंटेनरच्या मालकालाच गाठावं लागतं.

आम्ही चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी माहिती दिली. त्या पोराच्या वाट्याला कोर्टाच्या फेऱ्या येतील, ही टोचणी मला होती, अजूनही आहे. एमपरिवहन ॲपवर ट्रेलरचा नंबर टाकला, तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीची मुदत दोन्ही दिसलं. फोटो, बिलं, सर्व्हेअरचा अहवाल जोडून ट्रेलरच्या मालकाला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. कोर्टात वेळ घालवण्यापेक्षा बरं म्हणून त्याने ३५,००० दिले, आम्ही तडजोडीचा कागद करून घेतला. न्यायाधिकरणात कदाचित सगळे मिळाले असते, पण मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या.

राहिले २३,२००. व्याजाचं कर्ज नको होतं. मामूजानांनी कर्जे हसना दिलं आणि स्वतःच वही पुढे सरकवली, "लिही, तारीख घाल, दोन साक्षीदारांच्या सह्या घे." दरमहा २,९०० प्रमाणे आठ हप्ते. पाच फेडून झाले आहेत.