खोक्यावरचे टेराफ्लॉप

"मामा, रॉग अ‍ॅलायमध्ये ८.६ टेराफ्लॉप आहेत. पीएस-५मध्ये १०.३. म्हणजे जवळपास पीएस-५च हातात आला की! मग १.६वाला स्टीम डेक कुणी का घ्यावा?"

हा माझ्या भाच्याचा प्रश्न. रॉग अ‍ॅलाय आणि स्टीम डेक ही हातात धरून खेळायची यंत्रं, पीएस-५ टीव्हीला जोडायचा. याच आकड्यांसह हेच वाक्य मी त्याच्या मित्रांकडून ऐकलंय, ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून ऐकलंय, आणि दुकानाच्या काउंटरमागून तर हमखास ऐकलंय. साठ-सत्तर हजार रुपये मोजायला निघालेल्या माणसाने खोक्यावरच्या एका आकड्यावर निर्णय घ्यावा, याचा मला खरोखर त्रास होतो. म्हणून हा आकडा एकदा उकलूनच दाखवतो.

टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. हा आकडा कुणी गेम चालवून मोजत नाही, गुणाकार करून काढतात. अ‍ॅलायच्या झेड-१ एक्स्ट्रीम चिपमध्ये ग्राफिक्सची १२ युनिट्स आहेत आणि प्रत्येकात ६४ गणक, म्हणजे एकूण ७६८. प्रत्येक गणक एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करतो, म्हणून गुणिले २. ठोक्यांचा वेग २.८ गिगाहर्ट्झ. करा हिशेब: ४.३ येतात. मग ८.६ आले कुठून? एएमडीच्या आरडीएनए-३ रचनेत ठरावीक प्रकारच्या सूचना जोडीने चालवता येतात, म्हणून कागदावर पुन्हा गुणिले २. गेमच्या कामात अशी जोडी दर वेळी जुळतेच असं नाही. पीएस-५ची चिप त्याआधीच्या रचनेवरची आहे. तिच्या १०.३मध्ये हा दुसरा दुपटीचा गुणाकार नाही. तेव्हा तुलना करायचीच असेल तर ४.३ आणि १०.३ची करा.

तेवढ्यानेही भागत नाही. गणक कितीही असले तरी त्यांना मेमरीतून माहिती पुरवावी लागते. पीएस-५मध्ये ही माहिती सेकंदाला ४४८ गिगाबाइटने वाहते, अ‍ॅलायमध्ये सुमारे १०२ने. आणि खरा फरक तर भिंतीतल्या प्लगपाशी आहे. मोठा गेम चालू असताना पीएस-५ साधारण २०० वॉट खातो. अ‍ॅलायच्या चिपला बॅटरीवर सगळ्यात वरच्या 'टर्बो' मोडमध्ये २५ वॉट मिळतात. त्याच कंपनीची चिप, जरा नवी असली तरी, दोनशे वॉटचं काम पंचवीस वॉटमध्ये कशी करेल?

वॉट हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. २०२३च्या अ‍ॅलायची बॅटरी ४० वॉट-अवरची. चिप २५ वॉट ओढते, त्यावर स्क्रीन, पंखा, वाय-फाय यांचे आणखी काही. भागाकार तुम्हीच करा: तास-सव्वा तास. पुण्याहून मुंबईला निघालात तर लोणावळ्याच्या थोडं पुढे गेल्यावर चार्जर शोधावा लागेल. ज्या वेगाची जाहिरात होते तो वेग वापरायचा तर यंत्र भिंतीला बांधून ठेवावं लागतं. मग ते हातातलं कसलं?

शिवाय वरचे वॉट फार महाग पडतात. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. बाइक ५०च्या वेगाने जे अ‍ॅव्हरेज देते ते ९०ला देत नाही, तसंच. १५ वॉटवरून २५वर गेलात तर खर्च दोन-तृतीयांशाने वाढतो, फ्रेम मात्र त्या प्रमाणात अजिबात वाढत नाहीत. म्हणूनच अ‍ॅलाय आणि स्टीम डेक दोन्ही १५ वॉटवर आणले की ८.६ आणि १.६मधलं अंतर चाचण्यांमध्ये फार आक्रसतं. १० वॉटच्या खाली तर पुष्कळ गेममध्ये स्टीम डेकच सरस ठरतो, कारण त्याची चिप मुळात ४ ते १५ वॉटमध्ये राहायला घडवलेली आहे.

आता स्क्रीनकडे पाहा. डेकचा पडदा १२८० बाय ८००, म्हणजे सव्वादहा लाखांच्या आत पिक्सेल. अ‍ॅलायचा १९२० बाय १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. प्रत्येक फ्रेममध्ये दुप्पट ठिपके रंगवायचे तर ताकदीचा मोठा वाटा तिथेच खर्ची पडतो, आणि सात इंचांवर तो फरक तुमच्या डोळ्यांना फारसा जाणवतही नाही. सॉफ्टवेअरचंही तेच. २०२५मध्ये 'आर्स टेक्निका'ने लेनोव्होचा लेजन गो एस हा एकच हँडहेल्ड आधी विंडोजवर आणि मग डेकच्या स्टीमओएसवर तपासला, तेव्हा बहुतेक गेम स्टीमओएसवर जास्त वेगाने चालले. यंत्र तेच, टेराफ्लॉप तेवढेच.

इथवर ऐकलं की समोरचा माणूस थेट दुसऱ्या टोकाला जातो: "म्हणजे हार्डवेअरला महत्त्वच नाही. निन्टेंडोने सिद्धच केलंय ना!" नाही, तसंही नाही. हा गैरसमज पहिल्याइतकाच घट्ट आहे, कारण त्याच्यामागे खरा इतिहास आहे, फक्त अर्धा सांगितलेला.

१९८९मध्ये निन्टेंडोचा गेम बॉय आला तो हिरवट पडद्यावर चार छटा घेऊन. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत, आतून उजळलेला पडदा होता. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. पण या दोघांना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या तिप्पट वेळ चालायचा आणि लिंक्सच्या निम्म्या किमतीत मिळायचा. निन्टेंडोच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले, तर गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. पुढे निन्टेंडोच्या डीएसने सोनीच्या पीएसपीला, ३डीएसने व्हिटाला मागे टाकलं, तेव्हाही कमी ताकदीचंच यंत्र जिंकलं. गेम बॉयमागचे अभियंते गुनपेई योकोई यांचं सूत्र प्रसिद्ध आहे: जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते वेगळ्या वाटेने वापरा.

पण त्याच योकोईंनी १९९५मध्ये व्हर्च्युअल बॉय केला. जुन्या लाल एलईडींवर चालणारा, निराळ्या कल्पनेचा, अगदी सूत्राबरहुकूम. तो दहा लाखही विकला गेला नाही. आणि पीएसपी हरला म्हणतात तोही सुमारे आठ कोटी लोकांनी घेतला. व्हिटाला ताकदीने नाही, महागड्या खास मेमरी कार्डांनी आणि आटत गेलेल्या गेम्सनी मारलं.

ताकद कमी पडली की काय होतं, ते निन्टेंडोच्या पहिल्या स्विचने दाखवलं. २०१७मध्ये आलेल्या त्या यंत्रात एनव्हिडियाची २०१५ची टेग्रा एक्स-१ चिप होती. त्यावर 'झेल्डा'सारखे अप्रतिम गेम झाले, कारण ते त्या चिपसाठीच रचले होते. पण 'हिटमॅन ३' तिथे फक्त क्लाउडवरून आला: गेम दूरच्या सर्व्हरवर चालणार आणि तुम्ही इंटरनेटवरून चित्र पाहणार. २०२२च्या 'पोकेमॉन स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'च्या अडखळण्याबद्दल तर निन्टेंडोला खेळाडूंची माफी मागावी लागली. ५ जून २०२५ला स्विच-२ आला, १२ जीबी रॅमसह, आणि त्याच दिवशी 'हिटमॅन'ची मालिका क्लाउडशिवाय थेट यंत्रावर चालू लागली. 'सायबरपंक २०७७'देखील. पोकेमॉनच्या त्याच गेमना मोफत अपडेट देऊन ते सुरळीत करण्यात आले. मोठा गेम आपल्या यंत्रावर मुळात येईल की नाही, हे ताकद ठरवते. ती ताकद फुकट आली नाही हेही निन्टेंडोच सांगतं: स्विच ओएलईडीला साडेचार ते नऊ तास, स्विच-२ला दोन ते साडेसहा.

उरलेले गैरसमज भराभर.

"१२० हर्ट्झ म्हणजे १२० फ्रेम." नाही. पडदा सेकंदाला १२० वेळा बदलू शकतो एवढंच. तितकी चित्रं चिपने बनवायला हवीत, आणि मोठ्या गेममध्ये ती बनवत नाही.

"६०च्या खाली खेळण्यात अर्थ नाही." ४० फ्रेमवर बांधून पाहा. दोन फ्रेममधला वेळ तिथे २५ मिलिसेकंद, म्हणजे ३० आणि ६०च्या अगदी मधोमध. हातात तो पुरेसा गुळगुळीत वाटतो.

"डीएलएसएस म्हणजे फसवाफसवी." कमी पिक्सेल रंगवून उरलेलं चित्र शिकवलेल्या प्रणालीने भरून काढणं, हे बॅटरीवरच्या यंत्रासाठी शहाणपणाचंच आहे.

"गरम झालं म्हणजे पीस डिफेक्टिव्ह." इथे मात्र आपल्याकडच्या लोकांनी दोन मिनिटं थांबावं. स्टीम डेक ० ते ३५ अंश हवेत उत्तम चालतो असं तो बनवणारी व्हॉल्व्ह सांगते. स्विचसाठी निन्टेंडोने ५ ते ३५ ही मर्यादा घातली आहे. २०२२च्या उन्हाळ्यात दोन्ही कंपन्यांनी खेळाडूंना याची जाहीर आठवण करून दिली होती. तापमान वाढलं की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. जळगाव-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंश असतात, तिथे टेराफ्लॉपचा कुठलाच आकडा कामाचा नाही.

भाचा जळगावचाच. हे सगळं ऐकूनही त्याने अखेर अ‍ॅलायच घेतला, पण ८.६साठी नाही. तो इथे अधिकृतपणे मिळतो आणि बिघडला तर वॉरंटीत दुरुस्त होतो, म्हणून. बॅटरीवर तो १५ वॉटचा मोड लावतो, गेम ७२०पीवर ठेवतो. टर्बो फक्त रात्री, कूलरसमोर, चार्जर लावून.