मुलांची ऑनलाइन सुरक्षा : कायदा काय सांगतो?

• बालक कोण? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण.

• पासवर्ड : दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-सी लागते, 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड. पासवर्ड वर्गमित्राचा असला तरीही.

• अश्लील चित्रे : मुलांची अशी चित्रे बनवणे, पाठवणेच नव्हे, शोधणे आणि डाउनलोड करणेही गुन्हा (कलम 67-बी).

• शाळेची जबाबदारी : पोक्सो कायदा, 2012 नुसार लैंगिक गुन्हा कळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक. केवळ अंतर्गत चौकशी पुरत नाही. संस्थाप्रमुखाने माहिती दडवल्यास 1 वर्षापर्यंत कैद.

• मदत : पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास 1930, संकटातील मुलांसाठी 1098. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जपून ठेवा.