रस्सा आत गेला कसा?

शांघायकडचं श्याओलोंगपाओ पहिल्यांदा खाणारा माणूस बहुतेक जीभ भाजून घेतो. दिसायला मोदकाचं धाकटं भावंड: वर चुण्या, बांबूच्या करंड्यात वाफवलेलं. चावलं की आतून कढत रस्सा उसळतो! पारी तर पातळ आणि भोक कुठेच नाही. मग हा रस्सा आत गेला कसा?

गंमत अशी, की भरताना तो रस्सा नसतोच. फ्रिजमध्ये ठेवलेलं पायासूप सकाळी थिजून थरथरताना पाहिलंय ना? तीच युक्ती. डुकराची कातडी तासन्‌तास उकळली की तिच्यातल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं. गार होताना त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि एवढं सगळं पाणी जाळ्यात धरून ठेवतात. हा थिजलेला रस्सा बारीक चिरून खिम्यात कालवायचा, पारीत भरायचा, तोंड मिटायचं. करंडा वाफेवर चढला की जाळं सुटतं. वितळायला त्याला साधारण ३५ अंश पुरतात. वाफ तर १०० अंशांची!

वाँटन या दुसऱ्या चिनी पदार्थाचं नेमकं उलट. पारी तलम, पण ते स्वतःच रश्शात पोहतं.

आणि उत्तर चीनमधलं जाओत्झ? ते करंजीच्या घाटाचं, नववर्षाच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून वळायचं. वायव्य चीनमधल्या तुर्फानजवळच्या, थांग राजवटीच्या काळातल्या थडग्यांत अशी वाळून कडक झालेली जाओत्झ सापडली आहेत. हजार वर्षांहून जुनी, तरी आकार तोच! जाओत्झ उकळायची असतील तर त्यांचं पीठ गार पाण्यात मळतात. गव्हातलं ग्लुटेन त्यामुळे चिवट राहतं आणि खळखळत्या पाण्यातही पारी फाटत नाही. वाफवायची असतील तर कढत पाणी घालतात; ग्लुटेन ढिलं पडतं, पारी लुसलुशीत होते. पीठ एकच, फरक फक्त पाण्याचा.

मला खरं चक्रावून टाकलं ते दक्षिणेतल्या ग्वांगडोंगच्या हार गावनं. (नाव आहे, गाव नाही!) त्याच्या पारीतून आतली गुलाबी कोळंबी चक्क दिसते. गव्हाचं पीठ धुऊन ग्लुटेन काढून टाकलं की उरतं ते नुसतं स्टार्च. ते गार पाण्यात मळून बघा, गोळाच होणार नाही. धरून ठेवणारं ग्लुटेनच गेलंय! म्हणून त्यावर उकळतं पाणी ओततात. स्टार्चचे कण फुगतात, चिकटतात आणि मऊ गोळा होतो. ओळखीचं वाटतंय? तांदळाच्या पिठातही ग्लुटेन नसतं, म्हणून तर आपण मोदकाची उकड काढतो. कोकणातल्या आणि ग्वांगडोंगमधल्या स्वयंपाकघरांना एकच अडचण आली आणि दोघांनाही उकळतं पाणीच सापडलं.

कळ्यांचा सोसही सारखाच. आपल्याकडे २१ कळ्यांच्या मोदकाचं कौतुक, तर तैवानच्या दिन ताई फंग या उपाहारगृहात श्याओलोंगपाओला १८ चुण्या.

तेव्हा कधी श्याओलोंगपाओ समोर आलं, तर मोदकासारखं अख्खं तोंडात टाकू नका. चमच्यात घ्या, कडेला छोटंसं भोक पाडा, आधी रस्सा ओढा. मग आल्याचे दोन धागे आणि काळं व्हिनेगर घालून बाकीचं खा.