चौकाचे परिमाण

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीला एका बाजूस नदीची आणि उरलेल्या बाजूंस तट-खंदकांची जुनी राखण आहे. १९६९-७० च्या उत्खननात येथे प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे नगर नांदते होते. तटबंदीच्या गावात व्यापाराचे एक सत्य डोळ्यांना दिसत असे. पेठ कितीही मोठी असो, दिवसभरात वेशीतून जेवढ्या गाड्या आत येतील, तेवढाच माल पेठेत उतरेल. आज तट खचला आणि वस्ती बाहेर पसरली. पण ती वेस नाहीशी झालेली नाही. ती चौकात जाऊन बसली आहे.

२२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, पुढे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले. पाणी आले, पर्यटक येऊ लागले आणि रस्त्यालगतच्या जमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आपल्या समाजातील कुटुंबेही भंडारा मार्गावर किंवा निलज फाट्याच्या दिशेने प्लॉट, गोदाम, मंगल कार्यालय अशा गुंतवणुकीचा विचार करतात. जमिनीचा भाव, सातबारा, अकृषिक परवानगी हे सारे आपण बारकाईने तपासतो. जवळचा चौक आणखी किती वाहने पेलू शकेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर गणिताने देता येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सर्व वाहने एका मोटारीच्या मापात मोजतात. शहरी रस्त्यांवर दुचाकी साधारण अर्धे ते पाऊण एकक धरली जाते, तर ट्रॉलीसह ट्रॅक्टर चार ते पाच एकक. साडेतीन मीटर रुंदीच्या तोंडातून सलग हिरवा दिवा असता तासाभरात सुमारे १८९० एकक पुढे सरकतात. पण दिवा सलग हिरवा नसतो. चार वाटांच्या चौकात प्रत्येकीच्या वाट्याला तासाचा चौथा हिस्सा येतो. दिवे बदलतानाचा वेळ वजा केला, तर हाती साडेचारशेच्या आसपास एकक उरतात. म्हणजे साडेचारशे मोटारी किंवा धानाने भरलेल्या जेमतेम नव्वद ते एकशे दहा ट्रॉल्या. कोपऱ्यावर हातगाडी उभी राहिली, दुकानाची पायरी पुढे आली, की हाही आकडा घसरतो.

आता अशा चौकाजवळ एक मंगल कार्यालय उभे राहिले, असे समजू. लग्नघटिकेपूर्वीच्या तासात एकाच वाटेने दीडशे मोटारी आल्या, तर त्या वाटेची तृतीयांश क्षमता एकट्या समारंभाने घेतली. रांगेचा स्वभावही ध्यानात घ्यावा. चौक निम्मा भरलेला असताना शंभर वाहने वाढली तर फारसे जाणवत नाही. नऊ दशांश भरल्यावर तीच शंभर वाहने साऱ्यांनाच खोळंबून ठेवतात. म्हणून पहिल्या दहा इमारतींच्या वेळी सारे सुरळीत चालते आणि अकराव्या इमारतीला दोष लागतो.

राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली रस्त्याचा विचार करते, हे खरे. दाट वस्तीबाहेर निवासी बांधकामास मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१ आहे, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम किंवा टीडीआरने तो वाढत नाही, आणि पुढे रस्ता रुंद होईल तशी सवलत वाढते. परंतु ही मोजणी प्लॉटसमोरच्या रस्त्याची आहे. तो रस्ता ज्या चौकात जाऊन मिळतो, त्याची क्षमता कोणत्याही एका प्लॉटच्या फाइलीत दिसत नाही. प्रत्येक इमारत नियमात बसते आणि सर्व मिळून चौकात बसत नाहीत.

पुण्याच्या चांदणी चौकाने हा धडा महागात शिकवला. कोथरूड, बावधन, भूगावकडे वस्ती वाढत गेली, महामार्गाची वाहतूक तेथेच मिळत गेली आणि चौक मात्र जुनाच राहिला. अखेर २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटेपूर्वी तेथील जुना पूल स्फोटकांनी पाडावा लागला, आणि नव्या उड्डाणपुलाचे लोकार्पण १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. वस्ती उभी राहण्यापूर्वी जी जागा चौकासाठी सहज सोडता आली असती, ती नंतर मिळवताना पैसा आणि वर्षे दोन्ही खर्ची पडतात. पवनीसारख्या गावाचे भाग्य असे, की त्याच्यापाशी अजून अवसर आहे.

तेव्हा प्लॉट घेण्यापूर्वी बाजाराच्या दिवशी जवळच्या चौकात एक तास उभे राहून वाहने मोजावीत. नगर परिषदेच्या विकास योजनेत रस्तारुंदीची रेषा पाहावी. राष्ट्रीय महामार्गालगतच्या मालमत्तेला महामार्गावर वाट काढण्यासाठी वेगळी परवानगी लागते, ती आधी विचारावी. आणि कोपऱ्याचा प्लॉट आपला असेल, तर बांधकाम दोन पावले मागे घ्यावे. वळणावर दृष्टी मोकळी राहिली, तर गिऱ्हाईकही दुकानापाशी निश्चिंतपणे थांबते.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. संपत्ती जमल्यावर नव्हे, जमण्यापूर्वीच मर्यादा आखावयाची, हे त्याचे मर्म. चौकाची क्षमता हे गावाने आखून घ्यावयाचे असेच एक परिमाण आहे. चातुर्मास संपला, की साधु-साध्वी याच रस्त्यांनी अनवाणी विहार करतात. ईर्यासमिती पाळत, चार हात पुढची भूमी पाहत, प्रत्येक जीव वाचवत त्या चालतात. मागून भरधाव येणाऱ्या ट्रकपासून मात्र ती दृष्टी त्यांना वाचवू शकत नाही. तेथे त्यांच्या पावलांना लागणारी जागा आपण काठावर शिल्लक ठेवली आहे की नाही, एवढेच महत्त्वाचे ठरते.