व्यत्यय, सूक्ष्मनियंत्रकातील
सूक्ष्मनियंत्रकात (मायक्रोकंट्रोलरमध्ये) चालू असलेली आज्ञावली मध्येच थांबवून तातडीचे दुसरे काम करावयास लावणाऱ्या संकेतास व्यत्यय (इंटरप्ट) म्हणतात. सूक्ष्मनियंत्रक म्हणजे प्रक्रियक, स्मृती, कालमापक व आदान-प्रदान मंडले सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर असलेला लहान संगणक होय. धुलाई यंत्रापासून मोटारीच्या एंजिनापर्यंत तो सर्वत्र आढळतो. जोडलेल्या साधनांची आळीपाळीने विचारपूस करीत राहणे हा एक मार्ग आहे. परंतु त्यात वेळ वाया जातो व दोन फेऱ्यांच्या दरम्यान घडलेली क्षणिक घटना निसटू शकते. व्यत्ययात साधन स्वतःच वर्दी देते. वर्दी मिळताच प्रक्रियक हातची आज्ञा पूर्ण करतो, पुढील आज्ञेचे स्थान स्मृतीत नोंदवून ठेवतो व त्या साधनासाठी लिहिलेली सेवा-आज्ञावली सुरू करतो. ती संपली की मूळ काम सोडले होते तेथून पुढे चालू होते. वर्दीपासून सेवा-आज्ञावलीच्या प्रारंभापर्यंतचा काळ म्हणजे प्रतिसादकाल.

हा काळ किती महत्त्वाचा असतो, ते एंजिनाच्या उदाहरणावरून दिसते. मिनिटास ६,००० फेरे करणारा भुजादंड (क्रँकशाफ्ट) एका अंशातून सु. २८ मायक्रोसेकंदांत फिरतो. २८० मायक्रोसेकंदांचा विलंब झाल्यास ठिणगी दहा अंश उशिरा पडेल.

इंटेल कंपनीच्या ८०५१ (१९८०) या सूक्ष्मनियंत्रकात व्यत्ययाचे पाच उगम आहेत : दोन बाह्य संकेत, दोन कालमापक व एक क्रमिक संदेशवहन मंडल. प्रत्येकास उच्च वा नीच यांपैकी एक अग्रक्रम देता येतो. उच्च व्यत्यय नीच व्यत्ययाची सेवा थांबवू शकतो. समान पातळीचा थांबवू शकत नाही. समान पातळीच्या दोन वर्दी एकदम आल्यास ठरलेल्या क्रमाने निवड होते व त्यात क्रमिक संदेशवहन शेवटी येते. १२ मेगॅहर्ट्‌झ घड्याळावर याचा प्रतिसादकाल ३ ते ९ मायक्रोसेकंदांच्या दरम्यान असतो. मात्र त्याच किंवा वरच्या पातळीची दुसरी सेवा चालू नसेल तरच. ही अट वाटते त्याहून कडक आहे. सेकंदास ९,६०० बिट या वेगाने येणारे अक्षर सु. १·०४ मिलिसेकंदांत पूर्ण होते. पुढचे अक्षर पूर्ण होण्यापूर्वी आधीचे उचलले नाही, तर एक अक्षर कायमचे हरवते. त्याच पातळीवरील दर्शकफलकाची सेवा दोन मिलिसेकंद चालली, तर प्रक्रियक कितीही तत्पर असला तरी हानी टळत नाही. म्हणजे प्रतिसादकाल यंत्राइतकाच शेजारच्या आज्ञावलीच्या लांबीवर अवलंबून असतो.

यावरून अग्रक्रम कामाच्या महत्त्वावर ठरवू नये, हे ध्यानात येते. पाण्याची टाकी भरल्याची सूचना महत्त्वाची खरी, पण ती अर्धा सेकंद थांबू शकते. क्षुल्लक अक्षर थांबू शकत नाही. ज्याची मुदत सर्वांत अल्प, त्यास वरचे स्थान, हे तत्त्व नियतकालिक कामांसाठी ल्यू व लेलँड यांनी १९७३ मध्ये गणिताने मांडले.

आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३ (२००४) या प्रक्रियकात अग्रक्रमाच्या अनेक पातळ्या असून लहान अंक म्हणजे वरचा अग्रक्रम, ही नवशिक्यास चकविणारी रीत आहे. आठ नोंदकांतील (रजिस्टरांतील) माहिती यंत्र आपोआप जपून ठेवते. स्मृती विलंब न लावणारी असल्यास प्रतिसादास १२ स्पंद लागतात. एका सेवेमागून लगेच दुसरी करावयाची असल्यास माहिती परत भरून पुन्हा जपण्याचा खटाटोप टाळला जातो व ६ स्पंदांत काम भागते.

मुख्य आज्ञावलीही विलंब वाढविते. आठ बिटी यंत्रात दोन भागांत साठविलेली संख्या वाचताना मध्येच व्यत्यय येऊन ती बदलली, तर अर्धी जुनी व अर्धी नवी अशी चुकीची संख्या हाती येते. म्हणून तेवढ्यापुरते व्यत्यय रोखावे लागतात व रोखलेला काळ प्रतिसादकालात मिळतो. काही मायक्रोसेकंदांचाही फरक चालत नाही तेथे काम व्यत्ययावर सोपवीत नाहीत. कालमापक मंडलच घटनेचा क्षण स्वतः टिपते किंवा नेमक्या क्षणी संकेत बाहेर पाठविते. प्रक्रियकाने मग पुढील क्षण वेळेपूर्वी त्यात भरून ठेवणे पुरेसे होते.