एसी आला, पण खिडकीत मावेना!

दिल्लीत बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला मे महिना कूलरवर निभावतो. खसाचा वास, गार वारा, सारे छान वाटते. मग जुलै उजाडतो. हवा दमट झाली की कूलर नुसता ओलसर वारा फेकू लागतो आणि घरात एसीची बोलणी सुरू होतात. घर भाड्याचे असले की बहुधा विंडो एसीच ठरतो.

घोटाळा होतो तो मापात. माहितीपत्रकात छापलेली रुंदी नेमकी कशाची, हे कुणी विचारत नाही. कधी ती आतल्या पत्र्याच्या पेटीची असते, कधी समोरच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलची, तर कधी चक्क पुठ्ठ्याच्या खोक्याची! दीड टनाची पेटी साधारण ६६ सेंटिमीटर रुंद आणि ४३ सेंटिमीटर उंच असते. एक टनाची बहुधा ६० बाय ३८. तेव्हा जुन्या एक टनाच्या जागी नवा दीड टनाचा बसेल, ही आशा सोडाच. (टन म्हणजे एसीचे वजन नव्हे, बरं का! २४ तासांत एक टन बर्फ वितळवायला लागेल तेवढी उष्णता खोलीतून ओढून घेण्याची ती ताकद.)

खरी गोम आहे ती मागच्या लांबीत. पेटीच्या मागील भागात दोन्ही बाजूंना झडपा असतात. तिथून बाहेरची हवा आत शिरून गरम नळ्या थंड करते. या झडपा भिंतीच्या पूर्ण बाहेर राहायला हव्यात. नऊ इंची भिंत, वर प्लास्टर, त्यात एसी आत सरकवून बसवला की झडपा भिंतीत दडतात. कॉम्प्रेसर तापून पुनःपुन्हा बंद पडतो, खोली गार होत नाही आणि विजेचे बिल मात्र वाढते. दोष मशीनला दिला जातो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी खिडकीची मोकळी जागा वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा. सर्वांत लहान माप खरे. लाकडी चौकट नव्याने बसवायची असेल, तर तिची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा. दुकानदाराकडून पॅनेलचे नव्हे, पेटीचेच माप लिहून घ्या.

जागा कमी पडली की मिस्त्री छिन्नी काढतो किंवा 'थोडा बाहेर काढू' म्हणतो. इथे ठाम नकार द्या. पन्नास किलोच्या आसपासचे हे धूड भिंतीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी स्टँडवरच हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बागेत वरून एसीचे बाहेरचे युनिट कोसळून खाली असलेल्या एका तरुणाचा जीव गेला.

बसवताना पेटीला बाहेरच्या बाजूने किंचित उतार ठेवायला सांगा, म्हणजे पाणी खोलीत येणार नाही. बाहेर नळीही जोडून घ्या. नाहीतर ते पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकते आणि भांडण वर येते.